बंधांचा अभ्यासक : लायनस पॉलिंग

आपल्या स्मरणिकेत बाबासाहेब, जोतिराव आणि सावित्रीबाई यांच्या चरित्रांसाठी पाने राखलेली असतात, आणि ती तशीच राखलेली असावीत. त्या पानांशेजारी या वेळी आम्ही एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र देत आहोत; त्याचे कारण आरंभीच सांगणे योग्य होईल. आमच्या वसतिगृहात विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून मुले येतात. प्रवेशाच्या वेळी आरोग्यविषयक कागद पुढे ठेवताना ज्या एका शब्दापाशी पालकांचा आवाज खाली येतो, तो शब्द म्हणजे सिकलसेल. हा आजार रक्तातील नेमक्या कोणत्या घटकाच्या बिघाडाने होतो, हे ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झाले ते लायनस पॉलिंग. त्यांचे सारे आयुष्य एकाच प्रश्नाच्या मागे गेले : अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, आणि त्या धरून ठेवण्याच्या रीतीवरून पदार्थाचा स्वभाव कसा ठरतो?

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. हाच दिवस आपण रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. हा केवळ योगायोग, पण आमच्या विद्यार्थ्यांना तो लक्षात ठेवण्यास सोपा जाईल. वडील औषधविक्रेते होते. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच, १९१० साली, ते वारले. आईने खोल्या भाड्याने देऊन आणि राहणाऱ्यांना जेवू घालून तीन लेकरे वाढविली. घरात पैशाची ओढाताण नित्याची होती. तेरा वर्षांच्या लायनसला एका वर्गमित्राने आपल्या घरी एक प्रयोग करून दाखविला : साखरेत एक क्षार मिसळून त्यावर तीव्र गंधकाम्लाचा थेंब टाकताच साखर धुमसली आणि मागे काळा कोळसा उरला. पांढऱ्या साखरेच्या पोटात कोळसा दडलेला असतो, ही गोष्ट त्या मुलाच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

शालान्त प्रमाणपत्र त्यांना वेळेवर मिळाले नाही. इतिहासाचे दोन राहिलेले अभ्यासक्रम एकाच सत्रात घेण्याची परवानगी शाळेने नाकारली आणि ते प्रमाणपत्राविनाच शाळा सोडून महाविद्यालयात गेले. पुढे नोबेल मिळाल्यानंतर, १९६२ साली, त्याच शाळेने त्यांना ते प्रमाणपत्र दिले.

१९१७ साली कॉर्व्हॅलिस येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. सुट्यांत ते रस्त्याच्या डांबरीकरणावर देखरेखीचे काम करीत. १९१९ साली साठविलेले पैसे घरखर्चात गेले आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा महाविद्यालयानेच या अठरा वर्षांच्या मुलाला, जो विषय तो नुकताच शिकला होता, तोच शिकविण्यासाठी नेमले. शिकविता शिकविता फावल्या वेळी त्यांनी गिल्बर्ट ल्युईस आणि अर्व्हिंग लँगम्युर यांचे लेख वाचले. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामायिक करतात आणि त्या सामायिकपणामुळेच एकत्र राहतात, ही ल्युईस यांची १९१६ सालची कल्पना त्यांत होती. पॉलिंग यांना आयुष्याचा विषय तेथे सापडला. पुढे १९२२ साली याच महाविद्यालयात त्यांच्या वर्गात एव्हा हेलन मिलर नावाची विद्यार्थिनी आली. १९२३ साली दोघांचा विवाह झाला. या बाईंचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे, कारण पॉलिंग यांच्या अर्ध्या कीर्तीचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

विषय समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, चुलीजवळ बसले तरी पुरे. मीठ आणि साखर दोन्ही पांढरी, दाणेदार आणि पाण्यात विरघळणारी. साखर कढईत घातली की थोड्याच आचेवर वितळते, पाक होतो, पुढे करपते. मीठ मात्र तव्यावर कितीही तापविले तरी तडतडते, वितळत नाही. त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून वाहत नाही. हा फरक कोठून येतो? मिठात सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. एक धनभारित आणि एक ऋणभारित असे असंख्य आयन एकमेकांना चहूबाजूंनी खेचून धरतात. संपूर्ण खडा म्हणजे जणू एकच विणलेली जाळी. साखरेत रेणूच्या आतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन घट्ट बांधलेले असतात, पण एक रेणू आणि शेजारचा रेणू यांमधील ओढ त्यामानाने फारच दुबळी असते. साखर वितळते तेव्हा रेणू मोडत नाहीत, केवळ शेजार सुटतो.

हे ठोकताळे पॉलिंग यांच्या आधीही लोकांना ठाऊक होते. पण असे का होते, किती प्रमाणात होते आणि कोणत्या दिशेने होते, याचे गणित नव्हते. पासाडेना येथील कॅलटेक संस्थेतून १९२५ साली डॉक्टरेट घेऊन ते १९२६ मध्ये शिष्यवृत्तीवर युरोपात गेले. म्युनिकला सोमरफेल्ड यांच्याकडे, आणि कोपनहेगन व झुरिक येथेही, पुंजयामिकी हे नवे भौतिकशास्त्र आकार घेत असताना त्यांनी ते जवळून पाहिले. परत आल्यावर ते शास्त्र त्यांनी रसायनाच्या कामाला जुंपले.

कार्बनचा अणू ही मोठी अडचण होती. भौतिकशास्त्राप्रमाणे त्याचे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन एकसारखे नाहीत. प्रत्यक्षात मात्र मिथेनमध्ये कार्बनचे चारही हात अगदी समान असतात आणि चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. १९३० च्या डिसेंबरातील एका रात्री पॉलिंग यांना गणित सोपे करण्याची युक्ती सुचली आणि चार वेगवेगळ्या कक्षकांच्या मिश्रणातून चार समान कक्षक तयार होतात, हे त्यांनी मांडून दाखविले. यालाच आपण वर्गात संकरण म्हणून शिकवितो. १९३१ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हिरा आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइट हे दोन्ही निव्वळ कार्बनच असताना एक काच कापतो आणि दुसरा कागदावर घासला की झडतो, याचा उलगडा या विचाराने सहज होतो. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार दिशांनी चार कार्बनांना पकडून असतो. ग्रॅफाइटमध्ये तो तीनच कार्बनांना पकडून सपाट थर बनवितो, आणि थराथरांमधील पकड इतकी सैल असते की थर एकमेकांवरून घसरतात.

पुढच्याच वर्षी त्यांनी विद्युतऋणतेची मोजपट्टी दिली. बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची शक्ती किती, हे सांगणारी ही संख्या : फ्लोरिनला ४.०, ऑक्सिजनला ३.५, क्लोरीनला ३.०, कार्बनला २.५, हायड्रोजनला २.१, सोडियमला ०.९. दोन अणूंच्या संख्यांतील अंतर जास्त असेल तर एक अणू इलेक्ट्रॉन जवळजवळ पळवूनच नेतो आणि बंध मिठासारखा होतो. अंतर थोडे असेल तर वाटणी होते. या दोन टोकांच्या मध्ये मोठा प्रदेश आहे, पक्की भिंत कोठेच नाही, हे पॉलिंग यांनी दाखविले. बंधांची ही सारी चर्चा त्यांनी १९३९ साली एका ग्रंथात एकत्र केली, आणि १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. येथे प्रतीत्यसमुत्पादाची आठवण होऊन तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आम्ही आवरतो. तथागतांच्या शिकवणीला अणूंच्या साक्षीची गरज नाही.

मोठ्या बंधांइतकेच लहान बंधही पॉलिंग यांना महत्त्वाचे वाटत. पाण्याच्या एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे हलकेच ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. तो एकटा दुबळा असतो, पण सर्वत्र असतो. पाण्याशी रचनेने मिळताजुळता असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळून वायू होतो, आणि पाणी मात्र १०० अंशांपर्यंत टिकते, ते या दुबळ्या पण अगणित बंधांमुळे. १९४८ साली ऑक्सफर्डला असताना सर्दीने अंथरुणात पडलेल्या पॉलिंग यांनी कागदावर प्रथिनाची साखळी रेखाटली, कागदाला घड्या घातल्या आणि हायड्रोजन बंध जुळतील अशी गुंडाळी करून पाहिली. केस, लोकर, नखे यांतील प्रथिनांची मळसूत्री रचना त्यांना तेथे गवसली. १९५१ साली ती सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाली.

आता रक्ताकडे वळू. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यानंतर कित्येक वर्षे अमेरिकेत हा आजार म्हणजे काळ्या लोकांच्या रक्ताचाच दोष, असे मानले जात होते. रक्त शुद्ध आणि अशुद्ध ठरविण्याची ही भाषा आपल्याला परकी नाही. १९४५ साली एका भोजनप्रसंगी डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून पॉलिंग यांनी ऐकले की, या रुग्णांच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झालेल्या रक्तात वाकड्या होतात आणि ऑक्सिजन मिळाला की पुन्हा गोल होतात. त्यांच्या मनात तत्काळ विचार आला की दोष पेशीत नसावा, तिच्या आत भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये असावा. कारण ऑक्सिजन धरतो आणि सोडतो तो हिमोग्लोबिनच.

ही कल्पना पडताळण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर सोपविले. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ साली विद्यापीठात पहिले आले असतानाही केवळ वंशामुळे त्यांची रवानगी युद्धकाळातील छावणीत झाली होती. वंशाच्या नावाने ज्याला कुंपणात कोंडले, त्यानेच एका आजारावरील वंशाचा शिक्का पुसण्यास हातभार लावावा, हे आम्हांला या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. इटानो आणि जोनाथन सिंगर यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले. दोन्हींची चाल वेगळी निघाली. रुग्णाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर दोन ते चार धनभार अधिक होते. ज्यांना स्वतःला आजार नव्हता, पण जे वाहक होते, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र आढळले. १९४९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि एखाद्या आजाराचे मूळ एकाच रेणूच्या रचनेत असू शकते हे वैद्यकाला प्रथमच कळले.

रेणूत नेमका फरक कोठे, हे इंग्लंडमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधले. त्यांचा पहिला निबंध ऑक्टोबर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या वाडवडिलांनी धम्मदीक्षा घेतली. हिमोग्लोबिनमध्ये एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्यांत गुंफलेली. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, तेथे व्हॅलिन बसते. एवढाच फरक. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो आणि त्याला पाण्याचे सान्निध्य चालते. व्हॅलिन भाररहित, तेलकट स्वभावाचे, पाणी टाळणारे. ऑक्सिजन निघून गेला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि व्हॅलिन तीत जाऊन बसते. रेणूला रेणू चिकटत लांब ताठ दोरे तयार होतात आणि ते पेशीला आतून विळ्यासारखी ताणतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे आणि सांधे ठणकतात, पंडुरोग होतो. चिकटविणारी ही ओढ अगदी क्षीण असते. अशाच क्षीण बंधांच्या मागे पॉलिंग आयुष्यभर लागलेले होते.

वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हेही १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. म्हणूनच हा गुण आफ्रिकेत, भूमध्य समुद्राकाठी, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारतातील मलेरियाच्या पट्ट्यात टिकून राहिला. विदर्भात तो आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. कोणाच्या शापाशी किंवा मागल्या जन्मीच्या पापाशी त्याचा संबंध नाही.

पॉलिंग यांचे सगळेच आडाखे बरोबर आले असे नाही. १९५३ च्या आरंभी त्यांनी डीएनएची तीन पदरी रचना सुचविली. तीत ऋणभारित व्हावयाचे फॉस्फेट गट त्यांनी भाररहित मानून आत कोंबले होते, आणि रासायनिक बंधांच्या या आचार्यांकडून तसे व्हावे याचे सर्वांनाच नवल वाटले. काही आठवड्यांतच वॉटसन आणि क्रिक यांनी दुपदरी रचना दिली.

हिरोशिमानंतर पॉलिंग यांच्या आयुष्याला दुसरा प्रवाह मिळाला, आणि त्याच्या उगमाशी एव्हा हेलन होत्या. जग टिकले नाही तर शास्त्राचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांनी पतीपुढे ठेवला. अणुचाचण्यांविरुद्धचा पॉलिंग यांचा युक्तिवादही रसायनाचाच होता. स्फोटातून पडणारे स्ट्रॉन्शियम ९० हे मूलद्रव्य आवर्तसारणीत कॅल्शियमच्या खालच्या घरात बसते आणि बंधही त्याच्यासारखेच करते. गवतावर पडले की गाईच्या दुधात उतरते, दुधातून लेकरांच्या हाडांत जाऊन बसते आणि तेथे किरण टाकीत राहते. हाडाला दोघांतील फरक ओळखता येत नाही. १९५२ साली सरकारने पॉलिंग यांना पारपत्र नाकारले. तरीही ते डगमगले नाहीत. १९५८ साली पतिपत्नींनी जगभरच्या नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर केले. १९६० साली सिनेटच्या समितीने सह्या गोळा करणाऱ्यांची नावे मागितली. तुरुंगवासाची शक्यता असूनही त्यांनी ती दिली नाहीत. आंशिक चाचणीबंदीचा करार १० ऑक्टोबर १९६३ रोजी अमलात आला, त्याच दिवशी त्यांना १९६२ सालचे शांततेचे नोबेल जाहीर झाले. दोन नोबेल पारितोषिके, दोन्ही कोणाशी वाटून न घेता मिळविणारे ते एकमेव. त्यांच्या स्वतःच्या संस्थेत मात्र या सन्मानाचे स्वागत थंडपणेच झाले आणि त्यांनी कॅलटेक सोडले.

अशा माणसाच्या हातून १९६८ साली जे लिहिले गेले, ते वाचून आम्ही अस्वस्थ होतो. एका कायदेविषयक नियतकालिकात त्यांनी सुचविले की, सिकलसेलच्या प्रत्येक तरुण वाहकाच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमात पडणार नाहीत. हेतू वेदना टाळण्याचा होता, यात शंका नाही. दोघेही आईवडील वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे गणित त्यांना छळीत असावे. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्या आम्हांला माणसाच्या अंगावरील खुणेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेत पुढे जे घडले त्यानेही ही भीती खरी ठरविली. १९७० नंतरच्या दशकात तेथे सक्तीच्या तपासण्या झाल्या आणि पूर्णपणे निरोगी असलेल्या वाहकांना नोकऱ्या व विमा नाकारण्यात आला. वायुदलाच्या अकादमीचे दार तर त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. तपासणी अवश्य व्हावी, लग्न ठरण्यापूर्वीच व्हावी, मुलाची आणि मुलीची दोघांचीही व्हावी. पण तिचा निकाल त्या दोघांच्या हातात असावा, कपाळावर नसावा. आपल्याकडे याच्या उलट टोकाचे घडते, निकाल पेटीत दडवून सोयरीक जुळविली जाते. पत्रिकेतले गुण जुळविणे आपण सोडले. रक्ताचा एक कागद पाहण्याचा संकोच मात्र अजून सुटलेला नाही.

उत्तरायुष्यात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दीपासून कर्करोगापर्यंत सारे हटते, असा प्रचार त्यांनी हिरिरीने केला. वैद्यकीय चाचण्यांनी तो दावा उचलून धरला नाही. त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. एव्हा हेलन १९८१ साली गेल्या. लायनस पॉलिंग यांचे निधन १९ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील बिग सर येथील त्यांच्या शेतावरील घरी झाले.

जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यातील एका सोप्या चाचणीत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. त्या द्रावणात ऑक्सिजन शोषून घेणारे रसायन असते. परीक्षानळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. रक्त निरोगी असेल तर द्रावण स्वच्छ राहते आणि रेघा दिसतात. सिकलचे हिमोग्लोबिन असेल तर रेणू एकमेकांना चिकटतात, द्रावण गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. रक्त वाहकाचे आहे की रुग्णाचे, हे मात्र या नळीवरून कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे विद्युतक्षेत्रातील चाचणीला जातो. १९४९ साली इटानो आणि सिंगर यांनी पासाडेनाला वापरलेले तत्त्व तेच.